रेघ कोण ओढतं?

केदारखेडा, ता. भोकरदन

चि. नातीस,


फोनवर तुझ्या प्रश्नाचं नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून कागद घेतला. सहलीत लोणार बघितलंस, आणि परतताना बसमध्ये कुणी तरी ठासून सांगितलं की ते सरोवर आता ‘रामसर’वाल्या परदेशी लोकांच्या ताब्यात गेलं, उद्या आपली पूर्णा नदीही नेतील. खरं काय, असं तू विचारलंस.

ताब्यात काही गेलेलं नाही. रामसर हे इराणमधलं, कॅस्पियन समुद्राकाठचं गाव. तिथे १९७१ मध्ये पाणथळ जागा राखण्याचा करार झाला. भारत त्यात १९८२ मध्ये सामील झाला. यादीत कोणती जागा घालायची हे ज्या त्या देशानंच ठरवायचं आणि यादीत गेल्यानं त्या देशाच्या सार्वभौम हक्काला बाध येत नाही, असं त्या करारातच लिहिलेलं आहे. आपल्या राज्यातलं पहिलं नाव नांदूरमधमेश्वरचं. मग २०२० मध्ये लोणार आणि २०२२ मध्ये ठाण्याची खाडी. यातल्या कुठल्याच जागेच्या सातबाऱ्यावर रामसरचं नाव चढलेलं नाही.

मग तिथे एवढे निर्बंध कसे, असं तू लगेच म्हणशील. नीट बघ. लोणारचं अभयारण्य झालं २००० मध्ये, आपल्याच १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली. सरोवराच्या विवराला भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं १९७९ मध्येच राष्ट्रीय भूवैज्ञानिक वारसा ठरवलं होतं. दैत्यसूदनाचं मंदिर पुरातत्त्व खात्याकडे. वरून उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचं लक्ष. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा पुण्याच्या आघारकर संस्थेनं नमुने तपासून खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचं कारण सांगितलं.  रामसरच्या नावाला धार येते ती केंद्राच्या २०१७ च्या पाणथळ नियमांमुळे: पूररेषेपासून पन्नास मीटरच्या आत पक्कं बांधकाम नाही, कचरा नाही, सांडपाणी तसंच सोडायचं नाही. म्हणजे हात सगळे दिल्ली, मुंबई आणि नागपूरचे. परदेशी हाताची भीती घातली की एक सोय होते. आपल्याच माणसांनी आपल्याला विचारलं का, हा प्रश्न मागे पडतो.

ही भीती काही आपल्याकडेच नाही. यलोस्टोन उद्यानाजवळ सोन्याची खाण होणार म्हणून १९९५ मध्ये ते युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या ‘धोक्यातल्या’ यादीत गेलं, तेव्हा अमेरिकेतही संयुक्त राष्ट्रं आमची जमीन घेतायत अशी ओरड झाली. संसदेच्या परवानगीशिवाय असं नाव लागू नये, असं विधेयक १९९७ मध्ये त्यांच्या खालच्या सभागृहात मंजूरही झालं. सिनेटमध्ये पुढे सरकलं नाही. जर्मनीत ड्रेस्डेन शहरानं तर उलटंच करून दाखवलं. तिथलं एल्ब नदीचं खोरं २००४ मध्ये वारसा झालं. नदीवर पूल हवा का, यावर २००५ मध्ये लोकांनी मतदान केलं आणि पूल निवडला. युनेस्कोनं २००९ मध्ये नाव काढून टाकलं, पूल २०१३ मध्ये सुरू झाला. पूल चूक की बरोबर, हा वेगळा वाद. पण युनेस्कोच्या हातात नाव काढण्यापलीकडे काही नव्हतं, एवढं त्यातून दिसतं.

आपल्या घराजवळचा वारसा म्हणजे अजिंठा. १९८३ मध्ये यादीत गेला, देशातल्या पहिल्या चारांत. पुढे गाड्या फर्दापूरच्या टी-पॉइंटला थांबू लागल्या आणि शेवटचे चार किलोमीटर बसनं जाणं आलं. ज्यांचा धंदा पायथ्याशी होता त्यांच्या पोटाशी हा प्रश्न आला. तरी तो बदलही युनेस्कोच्या पॅरिसहून आलेला नव्हता. पर्यटन प्रकल्प आपल्या सरकारचा आणि कर्ज जपानचं.

आता पश्चिम घाटाकडे ये, कारण खरी गोष्ट तिथे आहे. १ जुलै २०१२ ला घाटातल्या एकोणचाळीस जागा जागतिक वारसा झाल्या. त्यातल्या चार आपल्या: कास, कोयना, चांदोली, राधानगरी. कर्नाटक सरकारनं आपल्या दहा जागांवर नाराजी दाखवली. तरी नावं लागलीच. जागतिक वारशाच्या करारात संमती लागते ती देशाची. राज्याची अडचण बाजूला राहू शकते, मग गावाची काय कथा? चांदोलीतली गावं उठली ती आधीच, धरण आणि अभयारण्यासाठी. त्यांच्या पुनर्वसनाची आंदोलनं वर्षानुवर्षं चालली. युनेस्कोचा शिक्का आला तेव्हा त्या माणसांना विचारायला तिथे गावच उरलेलं नव्हतं.

त्याआधी परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळांची, केंद्र सरकारनं नेमलेली समिती घाटाचा अभ्यास करत होती. अहवाल ऑगस्ट २०११ मध्ये तयार झाला. सरकारनं तो दडपून ठेवला. माहितीच्या अधिकारातला लढा दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेल्यावर मे २०१२ मध्ये तो लोकांसमोर आला. त्यात संवेदनशील क्षेत्रं सुचवली होती, पण शेवटच्या रेघा ग्रामसभांशी बोलून ठराव्यात असंही म्हटलं होतं. लोकांपर्यंत मात्र पोचलं ते ‘तुमची घरं, शेती सगळं बंद होणार’ एवढंच. मूळ अहवाल गावागावांत त्यांच्या भाषेत नीट मांडून चर्चा झाली असती तर विरोध झालाच नसता असं मी म्हणत नाही. पण तो वाचून तरी झाला असता. त्याच अहवालात सिंधुदुर्गातल्या पंचवीस ग्रामसभांचे ठराव नोंदवलेले आहेत. आमचं गाव संवेदनशील क्षेत्र करा, असं त्या गावांनी स्वतःहून मागितलं होतं. खाणी दारात आल्यावर त्यांना तो आडोसा वाटला. गावाला संरक्षण नको असतं हे गृहीत धरणाऱ्यांनी हे ठराव आधी वाचावेत.

कासच्या फुलांच्या पठाराचं उदाहरण मला जास्त जवळचं वाटतं, गुराढोरांत वाढल्यामुळे असेल. नाव झालं आणि गाड्यांची रीघ लागली. आसपासच्या गावांच्या समित्या प्रवेशशुल्क घेतात, पोरं वाटाड्याचं काम करतात. हे चांगलंच झालं. पण फुलं वाचवायला पठाराला कुंपण घातलं आणि गुरं बाहेर राहिली. मग गवत माजलं, फुलं कमी झाली, असं गावकरी आणि काही अभ्यासकही सांगू लागले. ते म्हणत, गुरांच्या चरण्यानं गवत आटोक्यात राहत होतं. पुढे कुंपण काढलं गेलं. फुलं कमी होण्याला दुसरी कारणंही असतील, गर्दी तर आहेच. पण गुराख्याला आधी विचारायला पैसे पडत नव्हते.

आता आपल्या गावाचं. केदारखेड्याला कुणी यादीत घालत नाही. पूर्णेची वाळू कशी जाते हे तू पुलावरून पाहिलंच आहेस. तिला वाचवायला रामसर येणार नाही. पण गावाच्या हातात एक कागद आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि लोक-जैवविविधता नोंदवही तिनं लोकांशी बोलून करायची असते. हरित न्यायाधिकरणानं ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली आणि चुकल्यास राज्याला महिन्याला दहा लाखांचा दंड सांगितला. मग देशभर नोंदवह्या पटापट भरल्या गेल्या. दंडाच्या धाकानं भरलेली वही कशी असते हे तुला सांगायला नको.

म्हणून सुट्टीत आलीस की पंचायतीत जाऊन आपली नोंदवही मागून बघ. चिवळ, घोळ, तरोटा, पाथरी या रानभाज्या आहेत का? पूर्णेतला मरळ आणि वाम आहे का? डोह कुठे होते ते लिहिलंय का? समितीत बायका किती? नियमांप्रमाणे एक तृतीयांश हव्यात. वहीत काही नसेल तर आजीजवळ बस आणि लिहून घे, नंतर नदीवर मासे धरणाऱ्यांकडे जा. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ते वाचून नोंद करायला सांग. मागच्या बाकावर बसून हसणारे असतीलच, त्यात माझे दोन मित्रही असतील. ठराव लिहून घेतल्याशिवाय उठू नकोस, आणि इतिवृत्ताची सही-शिक्क्याची प्रत माग. प्रत देण्याचे पैसे पडले तर मी देईन.

तुझे,
आजोबा