धुतलेली जाळी



गेल्या महिन्यात धर्मशिक्षणाचा वर्ग घेणाऱ्या एक बाई मला भेटल्या. "फादर, मुलांना शिकवायला मला मनापासून आवडतं. पण निम्मी मुलं येत नाहीत, आलेली गडबड करतात, पालक साधी विचारपूसही करत नाहीत. पुढच्या वर्षी माझं नाव घालू नका." "प्रार्थना करा," एवढेच सांगून मी त्यांना निरोप दिला. ते उत्तर माझे मलाच पटले नाही.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना वस्तूचे सार कोणते आणि वरवरचे काय, हा भेद आम्हांला शिकवला होता. तोच मी कामालाही लावत आलो. शिकवणे हे सार, अडचणी वरवरच्या. त्या संपल्या की खरे काम सुरू होईल! लूकच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय वाचताना माझी चूक ध्यानात आली.

पेत्र आणि त्याचे सोबती रात्रभर राबले, हाती काहीच लागले नाही. सकाळी ते काय करतात? जाळी धुतात. मासळी नसली तरी जाळ्यात घाण अडकतेच. पुढे प्रभूच्या शब्दावरून जाळी टाकली, तर इतकी मासळी लागली की जाळी फाटू लागली. म्हणजे अपयश आले तर जाळी धुवायची, यश आले तर शिवायची! मासेमारी म्हणतात ती हे सगळे धरूनच.

१९८६ साली दुष्काळामुळे गालील सरोवराचे पाणी ओसरले, तेव्हा गाळात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची होडी सापडली. ती पेत्राची होती असे कोणी म्हणू शकत नाही. पण तिच्यात दहाहून अधिक जातींचे लाकूड आहे. मिळेल ती फळी बसवून, पुन्हा पुन्हा डागडुजी करून कुणीतरी ती चालती ठेवली होती. आवडीचे काम असे ठिगळे लावूनच टिकते.

आणि प्रभूने प्रवचनासाठी कोणती होडी मागून घेतली? त्या रात्री रिकामी परतलेली!

याचा अर्थ अन्याय मुकाट्याने सोसावा असा नाही. थकलेल्याने विसावाही घ्यावा. आणि जाळी जड झाली तेव्हा पेत्रानेसुद्धा दुसऱ्या होडीतील सोबत्यांना खुणावले होते.

त्या बाईंना मी या आठवड्यात पुन्हा भेटणार आहे. वर्ग घ्यायचा की नाही, हे त्याच ठरवतील. पण त्यांचे खुणावणे आपल्या सर्वांसाठी होते. आज मिस्सानंतर आपल्या मुलाला वर्गाच्या दारापर्यंत स्वतः सोडा आणि बाईंना दोन शब्द विचारा. दुसरी होडी आपणच आहोत.

ख्रिस्तात आपला,
प्रमुख धर्मगुरू