राजीखुशीची मजुरी

विली लायन्स ही एकवीस वर्षांची तरुणी अमेरिकेच्या राजधानीत, वॉशिंग्टन शहरात, एका हॉटेलात लिफ्ट चालवीत असे. महिना ३५ डॉलर पगार आणि दिवसातून दोन वेळचे जेवण. काम हलके, तास थोडे, भोवतालचे वातावरण स्वच्छ. तिची काही तक्रार नव्हती आणि हॉटेलचे मालकही तिच्या कामावर समाधानी होते. परंतु १९१८ साली राजधानीपुरता एक कायदा झाला होता. स्त्रिया आणि अल्पवयीन मुले यांना किमान किती वेतन द्यावे, हे ठरविण्याचा अधिकार त्याने एका मंडळाला दिला होता. मंडळाने ठरविलेला दर विलीच्या पगाराहून अधिक निघाला आणि दंडाच्या भयाने हॉटेलने तिला कामावरून कमी केले. विली न्यायालयात गेली. तिचे म्हणणे एवढेच, की मी याच पगारावर राजी आहे. मला माझे काम करू द्या.

गरिबांच्या कैवारासाठी केलेल्या कायद्याविरुद्ध एक गरीब मुलगीच उभी राहिली, हे सुधारकांना फार झोंबले असले पाहिजे. तो काळ सुधारणांच्या चळवळींचा होता. बालमजुरी, दारू, स्त्रियांचा मताधिकार, कामाचे तास अशा अनेक प्रश्नांवर रान उठले होते. २५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कमधील ट्रँगल कारखान्याला आग लागली. तिच्यात १४६ कामगार मृत्युमुखी पडले आणि त्यांतील बहुसंख्य स्थलांतरितांच्या तरुण मुली होत्या. त्यानंतर कारखान्यांच्या कायद्यांना वेग आला. १९१२ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याने किमान वेतनाचा पहिला कायदा केला.

विलीचा खटला सर्वोच्च न्यायालयात पोहोचला आणि ९ एप्रिल १९२३ रोजी पाच विरुद्ध तीन मतांनी तो कायदा रद्द झाला. बहुमताच्या वतीने न्यायमूर्ती सदरलँड यांनी जो युक्तिवाद केला, त्याची आपण सहज थट्टा करू नये. ते म्हणतात, माणूस वाण्याकडे किंवा बेकरीत गेला, तर दिलेल्या पैशांच्या मोलाचा माल मिळण्याचा त्याला नैतिक हक्क आहे. पण आपली भूक मोठी आहे म्हणून अधिक पाव मागण्याचा हक्क नाही. मजुराचेही तसेच. त्याने केलेल्या कामाचे मोल मालकाने द्यावे. त्याच्या गरजेचा भार एकट्या मालकाच्या माथी का मारावा? गरजूला पोसणे हे समाजाचे काम आहे.

या प्रश्नाचे उत्तर सतरा वर्षे आधीच एका कॅथलिक धर्मगुरूने लिहून ठेवले होते. फादर जॉन रायन हे मिनेसोटा राज्यातील डकोटा काउंटीतले, आयरिश शेतकरी कुटुंबातले. १८९८ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. कॅथलिक विद्यापीठासाठी लिहिलेला त्यांचा प्रबंध १९०६ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्याचा विषय निर्वाह वेतन. (आपल्या संविधानाच्या अनुच्छेद ४३ मध्येही हीच कल्पना आहे.) नैतिक ईश्वरविज्ञानाच्या या अभ्यासकाने बाजारभाव तपासून सांगितले, की अमेरिकेतील कोणत्याही शहरात वर्षाला ६०० डॉलरांहून कमी मिळकतीत कुटुंब माणसासारखे जगू शकत नाही. आकडेमोड करणारे नीतिशास्त्र मला तरी अधिक विश्वासार्ह वाटते.

त्यांच्या विचाराचे मूळ पोप तेरावे लिओ यांच्या १८९१ च्या 'रेरूम नोव्हारूम' या परिपत्रकात आहे. पाव आणि श्रम यांत मोठे अंतर आहे. दुकानदार पाव विकतो तेव्हा तो स्वतः पावाबरोबर विकला जात नाही. मजूर मात्र आपल्या श्रमासोबत स्वतःच कामावर जातो. श्रम जसे त्याचे स्वतःचे आहेत, तसेच त्याच्या जगण्यासाठी अपरिहार्यही आहेत. म्हणून अधिक वाईटाच्या भीतीने जो कमी मजुरी पत्करतो, त्याने होकार दिला असला तरी तो जबरदस्तीचाच बळी असतो. मग भार मालकावरच का? फादर रायन सांगतात, परमेश्वराने पृथ्वीचे धन सर्वांसाठी दिले आहे. कामगाराला त्या धनापर्यंत पोहोचण्याची एकच वाट आहे, ती म्हणजे मजुरी, आणि त्या वाटेवरचा दरवाजा मालकाच्या हाती आहे. मालकाचा स्वतःचाच निर्वाह होत नसेल तर त्याच्यावर सक्ती नाही. परंतु भांडवलावरचे व्याज घेण्यापूर्वी कामगाराचा निर्वाह भागला पाहिजे.

युक्तिवाद मला पटतो. तरीही विलीचे काम गेले, हे त्याने पुसले जात नाही. शिवाय फादर रायन यांच्या हिशेबात कुटुंबाचे वेतन पुरुषाच्या हाती पडते आणि पत्नी घर सांभाळते. एकटीने संसार ओढणारी स्त्री त्यात नीट बसत नाही.

या खटल्यात आणखी एक गुंता आहे. कायदा रद्द करणाऱ्या पाच न्यायमूर्तींत पिअर्स बटलर होते. तेही कॅथलिक, तेही आयरिश स्थलांतरितांचे पुत्र, आणि फादर रायन यांच्याच डकोटा काउंटीत जन्मलेले! एकाच श्रद्धेत वाढलेल्या दोघांनी एकाच प्रश्नाला परस्परविरुद्ध उत्तरे दिली. किमान वेतनाच्या बाजूने त्या दिवशी मत देणाऱ्यांत न्यायमूर्ती होम्स होते. पुढे १९२७ मध्ये व्हर्जिनिया राज्याने कॅरी बक या गरीब तरुणीला 'मंदबुद्धी' ठरवून तिची सक्तीने नसबंदी करण्याचे ठरविले, तेव्हा त्याला मान्यता देणारा निर्णय लिहिला तो याच होम्स यांनी. वंशशुद्धी हीही त्या काळी सुधारणाच समजली जात होती. नऊपैकी आठ न्यायमूर्ती तिकडे गेले. विरोधात एकटे बटलर राहिले. त्यांनी कारणे मात्र लिहिली नाहीत. माणसाजवळ असे काही आहे, की ज्यावर बहुमताची सत्ता चालत नाही, हे त्यांना तेथे जाणवले असावे. बाजाराची सत्ताही त्यावर चालत नाही, हे मात्र त्यांनी कधी मान्य केले नाही.

१९३७ साली वॉशिंग्टन राज्यातील एल्सी पॅरिश हिच्या खटल्याचा निकाल लागला. ती एका हॉटेलात खोल्या झाडीत असे. कायद्याने आठवड्याच्या ४८ तासांना १४.५० डॉलर ठरविले होते. तिला कमी मिळत गेले. नोकरी सुटल्यावर तिने फरकाचे २१६.१९ डॉलर मागितले. या वेळी न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी विलीच्या खटल्यातला निर्णय मोडीत काढला. निर्वाहाला अपुरे वेतन देणाऱ्या मालकाची उणीव शेवटी समाजालाच भरून द्यावी लागते, आणि तसे करण्यास समाज बांधलेला नाही, असे बहुमताने म्हटले. विरोधी चौघांत बटलर होतेच. फादर रायन तेव्हा ६७ वर्षांचे होते. आणि एल्सी जेव्हा त्या कमी पगारावर खोल्या झाडीत होती, तेव्हा विलीप्रमाणे तीही राजी होती.