मर्जी कुणाची?

सुकापूरहून तळोज्याची धुराडी दूर नाहीत; म्हणून डोंबिवलीची बातमी आम्हाला परगावची वाटत नाही. 26 मे 2016 रोजी तिथे 'प्रोबेस' कारखान्यात स्फोट होऊन किमान 12 माणसे गेली. चौकशी समिती नेमली गेली. 23 मे 2024 रोजी त्याच औद्योगिक वसाहतीत 'अमुदान' कारखान्यात स्फोट झाला, पुन्हा माणसे गेली. अशा मय्यतीला आम्ही म्हणतो, 'अल्लाहची मर्जी!' मृत्यूची घडी त्याच्या हाती, हे कबूलच. पण तपासणीच्या कागदावरची सही माणसाची असते. सब्र दुःखात करावा; फाईल मिटवायला मात्र आमचा सब्र साहेबांना फार सोयीचा पडतो. नुकसानभरपाई जरूर घ्यावी, ती मेहेरबानी नव्हे. पण देणाऱ्याला तिथेच विचारावे : कारखाना शेवटचा कोणी तपासला, आणि शेरा काय लिहिला?