मारका बैल आणि पिवळा दिवा

पाठ : निर्गम, अध्याय २१, वचनें २८ व २९.



मोशेच्या नियमशास्त्रांत बैलाविषयींचा हा निवाडा आपण पुष्कळदां वाचला असेल, पण त्यापाशीं थांबून विचार करणारे थोडे. बैलानें कोणास शिंगावर घेऊन ठार केलें, आणि त्याची ती खोड धन्यास पूर्वीं ठाऊक नव्हती, तर धनी निर्दोष ठरतो. परंतु बैल मारका आहे असें धन्याच्या कानीं आधींच घातलें असून त्यानें तो बांधून ठेविला नाहीं, तर दोष एकट्या बैलाचा राहत नाहीं, तो धन्याच्याहि माथीं बसतो. दोन्ही प्रसंगीं बैल तोच, शिंगें तींच, आणि मेलेला मनुष्यहि तसाच. भेद इतकाच कीं, दुसऱ्या धन्यास कोणीं तरी सांगितलें होतें.

आतां पुष्कळ दारांत बैलांच्या जागीं मोटारी उभ्या आहेत, आणि मोटारीची खोड शेजाऱ्यानें येऊन सांगावी लागत नाहीं. ती स्वतःच सांगते. चालकापुढील फळीवर वर्तुळांत ‘ए. बी. एस.’ हीं अक्षरें असलेला एक पिवळा दिवा असतो. किल्ली फिरवितांच तो क्षणभर लागतो व यंत्रानें आपली परीक्षा केल्यावर विझतो. तो विझलाच नाहीं, अथवा वाटेंत पुन्हा लागला, तर ब्रेक दाबतांना चाकें जाम होऊं न देणारें यंत्र बंद पडलें आहे असें समजावें.

या यंत्राचें काम काय, हें थोडें समजून घ्यावें. माळशेज घाटांत पावसाळ्यांत उतरणाऱ्या गाडीपुढें अकस्मात् गुरूं आडवें आलें, म्हणजे चालक भयानें ब्रेकवर सारा भार देतो. चाकें फिरावयाचीं थांबतात, पण गाडी थांबत नाहीं. ती ओल्या डांबरावरून घसरत जाते. आणि न फिरणारें चाक वळविलें तरी वळत नाहीं, हें त्यांतलें खरें संकट. म्हणून प्रत्येक चाकापाशीं त्याची गति मोजणारा एक सेन्सर असतो. एखादें चाक जाम होऊं लागलें कीं त्याची वर्दी मोड्यूलला पोहोंचते. मोड्यूल लहान लहान व्हॉल्व्ह उघडून त्या चाकावरील ब्रेक ऑईलचा दाब किंचित् सोडतें व पुन्हा देतें. असें एका सेकंदांत अनेक वेळां घडतें, आणि चालकाच्या पायास थरथर लागते. अजाण चालक त्या थरथरीस भिऊन पाय उचलतो. त्यानें तसें करूं नये. बॉश कंपनीनें घडविलेलें हें यंत्र १९७८ साली मर्सिडीज-बेंझच्या मोठ्या गाडींत प्रथम आलें. आपल्या देशांत एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींत तें असलेंच पाहिजे असा नियम झाला. मात्र यंत्राची स्तुति मर्यादेनेंच करावी. सुट्या खडीच्या रस्त्यावर त्यामुळें गाडी थांबण्यास कधीं कधीं अधिकच अंतर लागतें.

दिवा लागला म्हणजे मोड्यूलच बिघडलें असेंहि नव्हे. येथें उतावळा मनुष्य न्यायाधीश होऊन साक्षीवांचून निकाल देतो व मोठा खर्च अंगावर घेतो. पुष्कळदां सेन्सरवर चिखल बसलेला असतो, त्याची वायर तुटलेली असते, फ्यूज जळालेला असतो किंवा बॅटरी क्षीण झालेली असते. चांगला कारागीर प्रथम गाडीस स्कॅनर लावितो, दोषाचा आंकडा वाचतो, वायरी तपासतो, आणि इतर सर्व निर्दोष ठरल्यावरच मोड्यूलवर बोट ठेवितो. मग बॅटरीची वायर सोडवून, कोणती नळी कोठली याची खूण करून, तो ब्रेकच्या नळ्या त्यांच्याच जातीच्या पान्यानें सोडवितो, म्हणजे नटांचे कोपरे झिजत नाहींत. उघड्या तोंडांना तो बुचें घालितो, कारण आंत कचऱ्याचा एक कणहि जाऊं देतां कामा नये. रंगावर सांडलेलें ब्रेक ऑईल तो तत्काळ धुऊन टाकितो. नवें मोड्यूल त्याच नंबरचें असावें लागतें, आणि बहुधा त्यास त्या गाडीची ओळख स्कॅनरनें करून द्यावी लागते. शेवटीं ताजें ऑईल भरून सर्व चाकांची हवा काढावयाची. मोड्यूलच्या पोटांत अडकलेली हवा काढण्यास त्यांतील पंपहि स्कॅनरनें चालवावा लागतो. ही हवा राहिली तर पेडल मऊ लागतें, आणि जुन्या दोषापेक्षां नवा दोष भयंकर होतो. हें काम घरीं बसून शिकण्याचें नव्हे.

खर्च मोठा, म्हणून मोह उत्पन्न होतो. दिव्याची वायर कापावी, किंवा ती दुसऱ्या दिव्यास जोडावी, म्हणजे किल्लीबरोबर लागेल व विझेलहि! असें करून देणारे हात बाजारांत आहेत. पौल तीमथ्यास लिहितांना डाग देऊन बधिर केलेल्या विवेकबुद्धीविषयीं बोलतो, तो हाच धंदा. डाग दिलेल्या कातडीस चटका लागत नाहीं, पण अग्नि कांहीं थंड झालेला नसतो. बैलाचा धनी निदान ऐकून गप्प राहिला. हा तर सांगणाऱ्याचेंच तोंड बांधतो.

आमच्या भागांतील एका बांधवानें प्रवासी नेण्याकरितां जुनी गाडी कर्ज काढून घेतली. किल्ली फिरविल्यावर तो पिवळा दिवा कधींच लागत नाहीं, हें त्यास कांहीं महिन्यांनीं कळलें. विकणाऱ्यानें वायर कापलेली होती आणि मोड्यूल मेलेलें होतें. कर्जाचे हप्ते चालूच होते. तेव्हां त्यानें गाडी विकावयास काढली. गिऱ्हाईक आलें, त्यास गाडी आवडली, भावहि ठरला. बांधवानें मला विचारलें, “पाळकसाहेब, मला कोणीं सांगितलें नाहीं, मग मींच कां सांगावें?”

प्रश्न हलका नाहीं. ज्याच्या घरीं हप्त्याची चिंता आहे त्यास उपदेश करणें सोपें असतें. तरी मीं त्यास हाच पाठ दाखविला. गाडी घेतली तेव्हां तो पहिल्या धन्यासारखा होता. आज तो दुसरा झाला आहे. फसविलेल्यास फसविण्याचा अधिकार मिळत नाहीं.

मग पैसे जमेपर्यंत गरिबानें गाडी चालवूंच नये काय? मला तसें वाटत नाहीं. केवळ पिवळा दिवा असेल तेव्हां साधे ब्रेक बहुधा शाबूत असतात. गति कमी ठेवावी, पुढील गाडीपासून दुप्पट अंतर राखावें, पावसांत घाट टाळावा, आणि प्रवाशांस स्पष्ट सांगावें. पण त्यासोबत ब्रेकचा तांबडा दिवाहि लागला तर गाडी तेथेंच उभी करावी. तेव्हां लग्नाची घाई अथवा उपासनेची वेळ हें निमित्त चालणार नाहीं. शिवाय कांहीं दोष उभ्या गाडींतहि धोक्याचे असतात. सप्टेंबर २०२३ मध्यें ह्युंदाई व किआ या कंपन्यांनीं अमेरिकेंत सुमारे ३४ लाख गाड्या दुरुस्तीस परत बोलाविल्या, कारण या मोड्यूलमध्यें ऑईल झिरपून विजेचा दोष होई व आग लागण्याचें भय होतें. दुरुस्ती होईपर्यंत गाडी घरापासून दूर उघड्यावर ठेवा, असें त्यांनीं मालकांस कळविलें. जुनी गाडी घेणारानें अशी सूचना आपल्या गाडीस आहे काय, याची चौकशी अवश्य करावी; आणि किल्ली फिरवून तो पिवळा दिवा लागतो कीं नाहीं, तें पैसे देण्याच्या आधीं पाहावें. या परीक्षेस एक पैसाहि लागत नाहीं.

त्या बांधवानें गिऱ्हाइकास दिव्याची व मोड्यूलची सर्व हकीकत सांगितली. गिऱ्हाईक परत गेलें. गाडी अद्याप त्याच्याच दारांत आहे. त्यानें कापलेली वायर जोडून घेतली, त्यामुळें दिवा आतां सतत लागलेला असतो, आणि बसणारा प्रत्येक जण तो कशाचा म्हणून विचारतो. हप्ता भरून उरतें त्यांतून तो मोड्यूलसाठीं दरमहा कांहीं रुपये वेगळे ठेवितो.