दोषाचा वारसा

तंजावरहून कुंभकोणमला जाताना वाटेत पापनाशम लागते. नावाचा अर्थ मराठी वाचकाला सांगायला नको. लंकेहून परतताना खर-दूषणादिकांच्या वधाचे पातक फेडण्यासाठी रामाने येथे एकशे आठ शिवलिंगे स्थापिली, अशी या गावाची स्थलकथा आहे. रामलिंगस्वामींच्या देवळात रांगेने मांडलेली ती लिंगे पाहताना मला त्या कथेतला हिशेब आवडला. ज्याच्या हातून वध झाला त्यानेच प्रायश्चित्त घेतले. लव-कुशांच्या माथी काही ठेवले नाही.

हा विचार सुचला तो माझ्याबरोबर आलेल्या एका वृद्ध बाईंमुळे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजी भोसले यांनी तंजावर घेतले. त्यानंतर जी मराठी कुटुंबे कावेरीकाठी स्थिरावली, त्यांपैकी त्यांचे एक. १८५५ मध्ये राज्य गेले. घरात मराठी मात्र राहिली, जुन्या वळणाची आणि तमिळ हेलाची. त्यांची पाच वर्षांची पणती जन्मतः बहिरी आहे. देवाला हात जोडून झाल्यावर त्या म्हणाल्या, "तुम्ही कॉलेजात जीवशास्त्र शिकवलंत ना? मग सांगा, कुणाचं पाप भोगतंय हे लेकरू?"

प्रश्न नवा नव्हे. कर्मविपाकाच्या ग्रंथांनी कोणत्या पातकाचे फळ म्हणून कोणते व्यंग वाट्याला येते याच्या याद्याच केल्या आहेत. त्या याद्यांची एक दुष्ट सोय अशी, की व्यंग दिसले की अपराध सिद्ध होतो. वेगळा पुरावा लागत नाही. व्यवहारात तर हा अपराध बहुधा आईच्याच पदरात पडतो. या घरातही एकदोघांनी मुलीच्या आईकडे बोट दाखवलेच होते.

आता जे सांगायचे ते थोडे शास्त्रीय आहे. जन्मजात बहिरेपणाची कारणे अनेक. त्यांतले एक कनेक्सिन-२६ नावाच्या प्रथिनाशी निगडित असून त्याचा छडा १९९७ मध्ये लागला. अंतर्कर्णातल्या पेशींमधून क्षारांची ये-जा ज्या सूक्ष्म वाटांनी होते, त्या वाटा घडवण्याचे काम हे प्रथिन करते. त्याची कृती सांगणाऱ्या जनुकाच्या दोन प्रती आपल्यापाशी असतात, एक आईची, एक बापाची. एक प्रत बिघडली तरी दुसरी काम भागवते आणि माणूस उत्तम ऐकतो; दोन्ही बिघडलेल्या आल्या तरच ऐकू येत नाही. असा दबलेला बिघाड वाहणाऱ्या दोघांचा विवाह झाला, तर प्रत्येक अपत्याच्या बाबतीत चारात एक अशी शक्यता असते. तपासणीत या मुलीच्या बहिरेपणाचे कारण हेच निघाले होते. मेंडेलच्या वाटाण्यांचे हे गणित मी तीस वर्षे फळ्यावर मांडले. त्यातला 'एक' हा एखाद्या घरातले मूल असतो, हे त्या तीस वर्षांत माझ्या मनाला फारसे शिवले नाही.

अडचण पुढेच होती. मुलीचा बाप हा बाईंच्या लेकीचा मुलगा आणि आई ही त्यांच्या मुलाची मुलगी. मामाच्या मुलीशी लग्न. दक्षिणेत रुळलेले आणि महाराष्ट्रातही मान्य असलेले. इरावती कर्वे यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात भारतातील आप्तसंबंधांची जी मांडणी केली, तिच्यात ही चाल उत्तर आणि दक्षिण यांना वेगळे करणारी एक ठळक खूण ठरते, आणि आपला महाराष्ट्र या सीमेवर मधोमध उभा दिसतो. अशा भावंडांच्या जनुकांचा सरासरी आठवा हिस्सा एकाच आजी-आजोबांकडून आलेला असतो. म्हणजे त्या एका बिघडलेल्या प्रतीचा माग काढत गेले, तर दोन्ही वाटा बहुधा एकाच उंबरठ्याशी मिळणार होत्या: या बाईंपाशी किंवा त्यांच्या दिवंगत यजमानांपाशी. हे लग्न ठरवलेही त्यांनीच. 'कुणाचे पाप' या प्रश्नाला शास्त्रापाशी उत्तर होते, आणि ते समोर उभे राहून मला प्रश्न विचारत होते.

मी विषय टाळला. गावातले जुने धान्याचे कोठार पाहायचे राहिले आहे, असे सांगून त्यांना पालैवननाथ मंदिराकडे घेऊन गेलो. नायक राजांच्या काळातले, सतराव्या शतकातले हे कोठार देवळाच्या आवारातच आहे. कावेरीच्या खोऱ्यातला भात अशा वास्तूंत साठत असे. तिच्यापाशी उभे असताना मला मराठीत देवभात म्हणतात त्या रानटी भाताची आठवण झाली. त्याचा दाणा पिकला की आपोआप गळतो. गळून चिखलात रुजणे हीच त्याची वंश टिकवण्याची रीत. हजारो वर्षांपूर्वी काही रोपांत हा गुण बिघडला आणि दाणे लोंबीला चिकटून राहू लागले. या फरकामागचे एक प्रमुख जनुक २००६ मध्ये हाती आले. तेथे जनुकाच्या लांबलचक मजकुरात निर्णायक बदल आहे तो एका अक्षराचा. रानात अशा रोपाचा वंश खुंटलाच असता. परंतु माणसाला कापणीत नेमके हेच दाणे मिळाले, त्याने तेच पेरले, आणि त्या व्यंगावर सारी भातशेती उभी राहिली. दाणा गळतच राहिला असता, तर येथे कोठार बांधण्याची वेळ कोणावर आली नसती.

हे उदाहरण देऊन मी बाईंचे सांत्वन करणार होतो. पण बहिरेपणात काही गुप्त लाभ आहे, असे सुचवणे म्हणजे लबाडी. बदल घडतो तो अक्षर नकलताना झालेल्या चुकीने. पुढे कोणाला तो तारतो, कोणाला अडवतो, पुष्कळदा काहीच करत नाही. त्याला ना हेतू असतो, ना न्यायबुद्धी. असे काही दबलेले बिघाड तुमच्या-माझ्यापाशीही आहेत. जोडीदारापाशी तोच बिघाड नसल्याने ते उघड झाले नाहीत, इतकेच. पाप घडायला कर्ता लागतो आणि त्याला निवड करता यावी लागते. येथे कर्ता नाही. आपल्या भाषेत 'कारणीभूत' हा शब्द मोठा घातकी आहे: कारण असणे आणि दोषी असणे यांतले अंतर तो बेमालूम बुजवून टाकतो.

आणि शास्त्राने हे अंतर नेहमी राखले आहे, असेही नाही. कर्वे ज्या बर्लिनच्या संस्थेत १९२० च्या दशकाच्या अखेरीस संशोधन करीत होत्या, तिचे प्रमुख ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्वाचे पुरस्कर्ते होते. कवट्यांच्या दोन बाजूंतील विषमतेवरून वंशभेद दाखवता येईल, अशी त्यांची अपेक्षा. बाईंनी कवट्या मोजल्या आणि तसा भेद दिसत नाही असा निष्कर्ष लिहून दिला. पुढे त्याच जर्मनीत १९३३ च्या कायद्याने आनुवंशिक रोगाच्या नावाखाली सक्तीची नसबंदी सुरू झाली, आणि त्या कायद्याच्या यादीत आनुवंशिक बहिरेपणाही होता. कर्मविपाकाची यादी प्रयोगशाळेचा अंगरखा घालून परत आली होती. आपल्याकडेही सातपुड्यात वा गडचिरोलीत सिकलसेलची तपासणी होते ती वेळेवर उपचार व्हावेत म्हणून. पण 'वाहक' हा शिक्का मुलीच्या लग्नाआड आला, तर शास्त्राने जुन्याच पापाला नवे नाव दिले असे होईल.

मग जबाबदारी कशाची? मला वाटते, जे ठाऊक नव्हते त्याची नाही. ठाऊक झाल्यावर पुढे काय करतो त्याची. या घरात आणखी दोन नातवंडे लग्नाची आहेत आणि आत्या-मामांत बोलणी चालू आहेत. या कारणासाठी खरे सांगणे भागच होते. परतीच्या वाटेवर मी सांगितले, जमेल तितक्या साध्या शब्दांत. बाई हुशार. दोन्ही वाटा कोठे मिळतात हे त्यांनी मी म्हणण्यापूर्वीच ओळखले. "म्हणजे माझ्याकडून, नाही तर यांच्याकडून," एवढेच बोलल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "आणि तसं पाप कुणाचंच नाही." हे विचारणे होते की स्वतःला सांगणे, ते मला कळले नाही.

त्यांचे खरे दुःख वेगळे होते, ते घरी पोचल्यावर समजले. सुमारे साडेतीनशे वर्षे या कुटुंबाने मराठी टिकवली. ती रक्तातून आलेली नाही. प्रत्येक पिढीला ती कानावाटे, घासागणिक भरवावी लागली, आणि एक पिढी गप्प बसली असती तर संपली असती. बिघडलेली प्रत मात्र कोणीही न जपता बिनबोभाट खाली उतरली. ही मुलगी शाळेत खुणांची भाषा शिकते आहे, ओठ वाचते ते तमिळ. तिच्यापर्यंत बाईंची मराठी पोचायची नाही.

रात्री पंगत बसली. मुलीने पणजीच्या गुडघ्यावर थाप मारली आणि बोटे जुळवून काही विचारले. बाईंनी तशीच बोटे जुळवून उत्तर दिले. एक खूण चुकली असावी, कारण पोर खदखदून हसली आणि तिने म्हातारीचा हात धरून बोटे नीट वळवून दिली. बाईंनी ती खूण दोनदा गिरवली आणि मग तिच्या पानात दहीभात वाढला.