ओमार्स्का: हात न उगारणाऱ्याचा दोष

बोस्नियातील प्रियेदोरजवळच्या ओमार्स्का खाणीत १९९२च्या उन्हाळ्यात बोस्नियन सर्ब यंत्रणेने बिगर-सर्ब नागरिक डांबले. मारहाण, बलात्कार आणि खून हा तिथला नित्यक्रम होता. छावणीतला पोलीस अधिकारी मिरोस्लाव क्वोच्का याच्यावरचा ठपका मात्र स्वहस्ते कुणाला मारल्याचा नव्हता; उलट काही कैद्यांना त्याने मदतही केली होती. तरीही हेगच्या युद्धगुन्हे न्यायाधिकरणाने २००१मध्ये त्याला सात वर्षांची शिक्षा दिली आणि २००५मध्ये अपिलातही ती कायम राहिली. अत्याचार माहीत असताना कामावर राहून त्याने ती व्यवस्था चालू ठेवली, हा त्यामागचा युक्तिवाद. त्याची दया खरी असेलही, पण बाकीच्यांचे काय चालले आहे हे त्याला ठाऊक होते, याचा तीच पुरावा ठरते. वरून आलेला हुकूम पाळला, ही सबबही अशा आरोपीला वाचवू शकत नव्हती; न्यायाधिकरणाच्या नियमावलीनेच ती नाकारली होती. शिक्षा सौम्य करण्यापुरतीच ती ग्राह्य होती.