रिकामा टिपर

मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या गावची गोष्ट. रस्त्यावर नवं डांबर पडलं तेव्हा सोसायटीत पेढे वाटले गेले आणि महिना उलटायच्या आत तक्रारी सुरू झाल्या. रात्री धाड्‌ असा आवाज व्हायचा, तावदानं थरथरायची, मांडणीतले पेले एकमेकांवर आपटायचे. दिवसा मात्र रस्ता अगदी शहाण्यासारखा वागायचा.

पहिल्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांनी लेखणी उपसली. अर्जात ‘असह्य’ होतं, ‘अमानुष’ होतं, ‘नागरिकांच्या जिवाशी खेळ’ही होता. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांचा दाखला होता: निवासी भागात रात्री ४५ डेसिबल. ही मर्यादा सरासरीची असते, एखाद्या दणक्याची नव्हे, पण रागात ते कोण बघतो? सोबत हॉलच्या भिंतीला गेलेल्या तड्याचा फोटो. आवाज नेमका कुठे आणि केव्हा होतो, तेवढं लिहायचं राहिलं होतं.

नगरपालिकेचे कनिष्ठ अभियंता सकाळी अकराला आले, मोटारसायकलवरून दोन फेऱ्या मारून गेले. उत्तर आलं : ‘सदर ठिकाणी पाहणी केली असता रस्ता सुस्थितीत आढळून आला.’ यात खोटं काहीच नव्हतं.

मग सभा झाली. गतिरोधक टाका, गाड्या हळू जातील, असं ठरलं. गतिरोधकाशेजारी राहणाऱ्याला विचारावं: आधी ब्रेक, मग आदळ, मग पुन्हा गिअर. एका आवाजाचे तीन होतात. पण सह्या झाल्या.

तो कागद तळमजल्यावर शिलाई करणाऱ्या मावशींकडे आला. लग्नसराई होती, त्यांचं मशीन रात्री दोनपर्यंत खिडकीशी चालायचं. त्यांनी सही केली नाही.

“मास्तर, आवाज सगळ्या गाड्यांचा नाही होत,” म्हणाल्या आणि मापाची वही पुढे केली. ‘छाती ३४, बाही ९’च्या खाली पेन्सिलीनं लिहिलं होतं: १२.४० टिपर रिकामा, धाड्‌. १२.५५ टिपर भरलेला, दबका. १.१० ट्रॅव्हल्स, काही नाही. १.३० टिपर रिकामा, धाड्‌. “आणि होतो तो मेडिकलसमोरच्या चेंबरवर. डावं चाक पडलं की.”

मास्तरांनी वही दोनदा चाळली. दुसऱ्या दिवशीचा अर्ज पाच ओळींचा होता, त्यातल्या चार मावशींच्या.

या वेळी अभियंता रात्री साडेबाराला आले. पहिला टिपर गेला तसे ते बॅटरी घेऊन रस्त्यावर उकिडवे बसले. जुन्या डांबरावर नवा थर चढला होता, चेंबरचं झाकण होतं तिथंच राहिलं होतं, चांगलं दोन बोटं खाली. “पाटे भरल्या गाडीच्या हिशेबाचे असतात, मावशी. रिकामी गाडी खड्ड्यात उसळते आणि मागचा फाळका आपटतो.” गावात दिवसा जड वाहनांना बंदी, म्हणून सकाळच्या फेरीत त्यांना काही सापडलं नव्हतं.

चेंबर उचलून रस्त्याच्या पातळीला आणलं. काँक्रीट पिकेपर्यंत भोवती दगड आणि लाल फडकं होतं. ते निघालं आणि धाड्‌ बंद झालं. टिपरांची गुरगुर राहिलीच; ती राहणारच.

“आणि आमचा तडा?” मास्तरांनी विचारलं.

“सर, माणसाला सेकंदाला ०.३ मिलिमीटरच्या आसपासचा कंपसुद्धा कळतो. गिलाव्याला तडा जायला त्याच्या कित्येक पट लागतो. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. आधी पायाकडे बघा.”

मास्तरांना हे पटलं नाही. साहेब नगरपालिकेचे, बोलणार नगरपालिकेचंच. नुकसानभरपाईचा अर्ज त्यांनी टाइप करून घेतला आणि पोच घ्यायला निघाले, तेव्हा मावशी पायरीवर काजं करत बसल्या होत्या.

“मास्तर, तडा उन्हाळ्यात रुंदावतो की पावसाळ्यात?”

मास्तर थांबले. घरात वीस वर्षं होता तो तडा. याचं उत्तर मात्र त्यांच्यापाशी नव्हतं. संध्याकाळी त्यांनी काचवाल्याकडून एक अरुंद पट्टी आणली, तड्यावर आडवी धरून दोन्ही टोकं सिमेंटनं बसवली आणि बाजूला तारीख घातली. अर्ज पावसाळा संपेपर्यंत टेबलाच्या खणात ठेवून दिला.